स्वस्तात नेम धरायचा, तर पिस्तूल कोणतं?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. वर्गातल्या दोघी नेमबाजीला जातात, म्हणून तिलाही ओढ लागली; तिला रेंजवर सोडता सोडता मलाही. रविवारी दोघांनी मिळून सराव करावा, असं मनात आहे. अमेरिकेतले आमचे मेहुणे म्हणतात, ‘.२२ चं पिस्तूल घ्या, त्याच्या गोळ्या सगळ्यांत स्वस्त.’ इथले लोक एअर पिस्तूल घ्या म्हणतात. खर्च फार नको आणि सराव मात्र भरपूर व्हावा, तर कोणतं घ्यावं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मेहुणे राहतात तिथे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत निघालं, आणि तिथे ते डब्यांनी विकलं जातं. रुगर मार्क फोर किंवा ब्राउनिंग बकमार्क यांसारखं पिस्तूल घ्यायचं, शे-दोनशे गोळ्या झाडायच्या आणि घरी यायचं, हा तिकडे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातला छंद आहे. धक्का नाममात्र, आवाज बेताचा, गोळी स्वस्त.

आपल्याकडे यातली शेवटची गोष्ट टिकत नाही. .२२ हे अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतो, काडतुसं परवान्यावरच मिळतात आणि तीही ठरावीक संख्येत. चांगली मॅच काडतुसं बाहेरून येतात, त्यामुळे एका फायरचा खर्च छर्‍याच्या कित्येक पट होतो. शिवाय .२२ घराच्या गच्चीवर किंवा शेतात झाडता येत नाही. मान्य रेंज हवी, आणि २५ मीटरची सोय प्रत्येक गावात नसते.

म्हणून तुम्हा दोघांसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे : ४.५ मि.मी.चं, म्हणजे ०.१७७ इंची एअर पिस्तूल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या मापापर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असतं. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटर वेगानं निघतो, म्हणजे ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास. कागदाला सुबक भोक पाडायला तेवढी पुरते. डोळा कायमचा जायलाही तेवढी पुरते, हे विसरू नका.

खर्चाचं गणित पिस्तुलाच्या किमतीवरून मांडू नका, फायरवरून मांडा. स्पर्धेत ६० फायर असतात. आधीचे सराव-फायर धरले, तर एका बैठकीला ऐंशी होतात. महिन्याच्या चार रविवारी एका माणसाचे सव्वातीनशे. छर्‍यांचा डबा ५०० चा येतो. म्हणजे तुमचा आणि लेकीचा महिना दीड डब्याच्या आत भागतो. हेच सव्वातीनशे फायर .२२ नं करायचे म्हटले, तर तुम्ही दर गोळीला खिशाकडे बघाल, आणि खिशाकडे बघणार्‍याचं बोट चापावर नीट पडत नाही.

आता एअर पिस्तुलातही जाती आहेत, आणि फसगत होते ती इथेच. दुकानात दिसायला सगळ्यांत रुबाबदार असतं ते कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालणारं, खर्‍या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल केलेलं. ते घेऊ नका. १२ ग्रॅमची कुपी लवकर संपते आणि पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते. भराभर फायर केले की वायू थंड होतो, दाब उतरतो आणि छर्रे खाली लागू लागतात. शिकाऊ माणसाला वाटतं आपलाच हात चुकतोय. यातली बरीचशी पिस्तुलं पोलादी गोल छर्रे उडवतात, आणि असा छर्रा टणक जागी आपटून थेट तोंडावर परत येऊ शकतो. आणि हुबेहूब नक्कल हातात घेऊन चौकात उभ्या माणसाकडे पोलीस कोणत्या नजरेनं बघतील, हेही लक्षात घ्या.

नळी मोडून ताणायचं स्प्रिंग पिस्तूल सगळ्यांत स्वस्त. मात्र छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत स्प्रिंग आणि पिस्टन पिस्तुलाला धक्का देतात, त्यामुळे पकड जराशी बदलली तरी छर्रा दुसरीकडे जातो. डब्यांवर नेम धरायला ठीक. मुलीला पुढे स्पर्धेत उतरायचं असेल, तर या पिस्तुलावरची सवय नंतर मोडावी लागते.

एकाच हिसक्यात हवा दाबणारी पिस्तुलं मला मनापासून आवडतात. बाजूचा किंवा खालचा दांडा एकदा उघडून मिटला की त्या एका फायरपुरती हवा भरते. ना कुपी, ना सिलिंडर, ना पंप. प्रत्येक फायरला जवळजवळ तोच वेग. रशियाचं बायकाल ४६-एम आणि जर्मनीचं फाइनवेर्कबाऊ १०३ याच जातीतली. दोन्ही जुनी, आणि चांगली राखलेली असतील तर आजही टेनच्या ठिपक्यात छर्रे ठेवतात. अडचण एकच : आठवीतल्या मुलीला तो दांडा ऐंशी वेळा दाबणं जड जाईल. खांदा दमला की नेम संपला. तुम्ही एकटेच झाडणार असता, तर मी इथेच थांबलो असतो.

तिच्यासाठी मग राहतं दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरचं मॅच पिस्तूल. स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वॉल्थर ही नावं रेंजवर ऐकली असतील. दोनशे बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरवर शंभराहून जास्त फायर होतात आणि क्लबात भरण्याची सोय बहुधा असतेच. महाग आहेत, पण नीट ठेवलं तर दहा-पंधरा वर्षांनीही गिर्‍हाईक मिळतं. यांच्यात आखूड आणि हलकी मॉडेलंही येतात. पूर्ण आकाराचं पिस्तूल किलोच्या आसपास भरतं, आणि ते एका हातानं, कशाचाही टेका न घेता सरळ धरायचं असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मनगटाला त्यात शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक फार मोठा.

कंपनीपेक्षाही ग्रिप आणि ट्रिगर बघा. लाकडी ग्रिप चपलेसारखी मापाची असते, शिवाय डाव्या-उजव्या हाताची वेगळी. मुलीचा हात प्रत्यक्ष त्यात बसवून बघा. तिनं डोळे मिटून पिस्तूल उचलावं आणि डोळे उघडावेत. पुढची माशी मागच्या खाचेत आपसूक मधोमध दिसली, तर ग्रिप तिची. दर वेळी मनगट वळवून माशी जागेवर आणावी लागत असेल, तर कितीही भारी पिस्तूल असो, ते तिचं नव्हे.

हे एवढं ठासून का सांगतो, ते आकड्यांत बघा. दोन्ही साइटांमधलं अंतर साधारण ३२ सें.मी. धरा. माशी खाचेत १ मि.मी. सरकली, तर दहा मीटरवर छर्रा ३१ मि.मी. सरकतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर टेनचं वर्तुळ ११.५ मि.मी.चं. म्हणजे टेनचा थेट सेव्हन. उलट साइट बरोबर जुळलेल्या असताना अख्खा हात ५ मि.मी. हलला, तर छर्राही ५ मि.मी.च हलतो आणि टेनच लागतो. नवखा माणूस हात हलतोय म्हणून घाबरतो, लक्ष टार्गेटवर नेतो आणि साइट सोडून देतो. माशी स्वच्छ आणि टार्गेट धूसर, असंच दिसायला हवं. स्वस्तातल्या पिस्तुलात पैसे वाचवायचे तर रंगात, चकाकीत, जादा सामानात वाचवा. हलवून बसवता येणारी मागची साइट आणि स्वच्छ सुटणारा ट्रिगर यांत वाचवू नका.

आणि सगळ्यांत स्वस्त सरावाला छर्राच लागत नाही. मॅच पिस्तुलात हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबायची सोय असते. पिस्तूल रिकामं आहे ना, हे दोनदा पाहून घरच्या कोर्‍या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं ड्राय प्रॅक्टिस करा. ट्रिगर सुटताना माशी थरथरली का, एवढंच बघायचं. चांगले नेमबाज छर्रे उडवण्याइतकाच वेळ यात घालवतात.

.२२ चं दार बंद झालं, असं मात्र समजू नका. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा .२२ वरच होते, आणि त्यात तुमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. मुलगी दोन-तीन वर्षं एअर पिस्तुलावर टिकली, हात जमला, तर क्लबाच्या .२२ वर तिला फायर करू द्या. स्वतःचं घेण्याचा आणि परवान्याचा विचार त्यानंतर. तेव्हा एक फरक ध्यानात ठेवा : एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, .२२ चा किमान १००० ग्रॅमचा. आणि .२२ मध्ये रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबू नका, फायरिंग पिन कडेवर आपटून खराब होते. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात.

प्रश्न : क्लबातलं कुणी जुनं मॅच पिस्तूल विकत असेल, तर घ्यावं का? काय तपासावं?
– तेच वाचक

उत्तर : जरूर घ्यावं. तुमच्या बजेटात बसणारं चांगलं पिस्तूल बहुधा असंच मिळेल.

सगळ्यांत आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची. मुदत उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरी भरणंही धोक्याचं. विक्रेता ‘अजून मस्त चालतंय’ म्हणाला, तरी नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. मग सिलिंडर भरून, दाब बघून पिस्तूल रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला दिसला, तर सील गेलंय. नंतर पिस्तूल पक्कं टेकवून दहा मीटरवरून एकाच टार्गेटवर पाच छर्रे सोडा. सगळ्यांचं मिळून एकच फाटकं भोक पडायला हवं. पसरले तर दुसर्‍या जातीचे छर्रे घालून बघा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून, नळी आभाळाकडे धरून उचला. वजन उचललं जायला हवं, ट्रिगर सुटता कामा नये.

शेवटी एक चौकशी करा : या बनावटीचे सुटे भाग आणि ते बसवणारा माणूस पुण्या-मुंबईत आहे का? २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. तिच्याजवळ तिथे माणसं तरी होती. तुमचं पिस्तूल सील मागवून महिनाभर कपाटात पडलं, तर मुलीचा सराव तेवढा बुडेल. रेंजवर जे मॉडेल जास्त दिसतं, तेच घ्या. शेजारच्या लेनवाल्याकडे पाना आणि रबरी सील दोन्ही सापडतात.