वेळेआधी आलेली जुळी : एनआयसीयूमध्ये काय चाललेलं असतं आणि त्यात तुमचं काम काय?

समजा, तुमच्या जुळ्यांची तारीख अजून दहा आठवडे लांब होती. पाळणा घेतलेला नाही, आईचं भारतातून यायचं तिकीट काढलेलं नाही. आणि आज तुम्ही कोपरापर्यंत हात धुऊन एका उबदार, मंद उजेडाच्या खोलीत उभे आहात. समोर दोन इन्क्युबेटर. एकावर ‘ट्विन वन’, दुसऱ्यावर ‘ट्विन टू’ अशी चिठ्ठी. प्रत्येक बाळाला नळ्या, वायरी, आणि वर सतत बदलणारे आकडे. नाशिकहून आजीचा फोन येतो, “वजन किती आहे गं?” आणि उत्तर देताना तुमचा आवाज अडकतो.

हा लेख त्या खोलीत उभ्या असलेल्या, किंवा कधी उभं राहावं लागेल अशा वाचकासाठी आहे. मी संशोधक आहे, पण नवजात बालकांची डॉक्टर नाही. आमची जुळी तिसाव्या आठवड्यात आली तेव्हा मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न होता : इथे सगळं तर यंत्रं आणि नर्सच करताहेत, मग मी कशासाठी आहे? उत्तर मिळायला वेळ लागला. ते भावनेपेक्षा विज्ञानातून मिळालं, म्हणून इथे मांडते आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म म्हणजे अकाली जन्म. जुळ्यांच्या बाबतीत दहापैकी साधारण सहा गरोदरपणांत हे घडतं. तुम्ही जिना चढलात, प्रवास केलात, पपई खाल्लीत म्हणून हे झालेलं नाही.

श्वास : ओल्या पिशवीचं गणित

प्लास्टिकची पातळ पिशवी आतून ओली झाली की तिच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि उघडता उघडत नाहीत. अकाली बाळाच्या फुफ्फुसातल्या इवल्या हवेच्या पिशव्यांचं असंच होतं. पाण्याचा पृष्ठताण त्यांना मिटवून टाकतो. पूर्ण वाढलेल्या बाळाकडे यावर उपाय असतो : सरफॅक्टंट नावाचा, साबणासारखा पृष्ठताण कमी करणारा स्निग्ध पदार्थ. तो पुरेसा तयार व्हायला साधारण चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडतो.

मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं की या बाळांच्या श्वासाचा त्रास सरफॅक्टंटच्या अभावामुळे होतो. पण कारण कळणं आणि औषध मिळणं यात बरंच अंतर असतं. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो, म्हणजे आजच्या हिशोबाने बरं. तरीही तो दोन दिवसांत याच आजाराने गेला. जगातली सगळी साधनं हाताशी असून उपयोग झाला नाही. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा आणि सहकाऱ्यांनी दहा बाळांच्या श्वासनलिकेत थेट सरफॅक्टंट सोडलं आणि बाळं सुधारली. आज डुकराच्या किंवा गाईच्या फुफ्फुसांतून काढलेलं सरफॅक्टंट हा नेहमीचा उपचार आहे. पॅट्रिकसारखं बाळ आज बहुधा काही आठवड्यांत घरी जातं.

तुम्हाला प्रसूतीआधी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील, तर त्यामागेही एक गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच प्रश्नाचा अभ्यास करत होते : प्रसूती सुरू कशामुळे होते? स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की त्याला श्वास घेता यायलाच नको होता, पण ते श्वास घेत होतं. त्यातून लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी मातांवर चाचणी केली. ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षांत आणखी चाचण्या झाल्या, तरी अनेक ठिकाणी डॉक्टर हे औषध देत नव्हते, कारण सगळे निकाल कोणी एकत्र मांडलेच नव्हते. ते मांडल्यावर फायदा स्पष्ट दिसला. १९९३ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात त्याच चाचण्यांचा आलेख आहे. माहिती असूनही ती न जुळवल्यामुळे किती बाळं गेली, याची ती आठवण आहे.

मॉनिटर : शंभरपैकी शंभर नको

आपण मराठी पालक. ऑक्सिजनचा आकडा ९२ दिसला की वाटतं, शंभर का नाही? पण बाळाला वरून ऑक्सिजन चालू असताना शंभर हा चांगला आकडा नाही.

१९४० आणि ५०च्या दशकांत नवे इन्क्युबेटर आले आणि बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाऊ लागला. हेतू चांगला होता, पण हजारो मुलं आंधळी झाली. जास्त ऑक्सिजनमुळे डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते, हे नंतर सिद्ध झालं. मग ऑक्सिजन फार कमी केला गेला, तेव्हा मृत्यू वाढले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या चाचण्यांचे एकत्रित निकाल २०१३ साली आले. ८५ ते ८९ टक्के पातळी ठेवली तर डोळ्यांचा आजार कमी होतो, पण ९१ ते ९५ ठेवलेल्या बाळांपेक्षा मृत्यू जास्त होतात. म्हणून आज ब्रिटनमध्ये साधारणपणे ९१ ते ९५ हे लक्ष्य असतं.

बाळ मध्येच श्वास घ्यायला विसरतं, तेव्हा अलार्म वाजतो. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं. त्यासाठी रोज दिलं जाणारं औषध म्हणजे कॅफीन! आपल्या चहा-कॉफीतलंच.

मी तासन् तास त्या आकड्यांकडे बघत बसायचे, प्रयोगशाळेतली सवय. एका रात्री नर्स हळूच म्हणाली, “मॉनिटर मी बघते. तू बाळाकडे बघ.” बाळाचा रंग, हालचाल, बोटं ताणणं, कपाळाला आठी घालणं हे तुम्ही रोज बघता, ती नर्स बदलत असते. “आज ही नेहमीसारखी वाटत नाही,” हे तुमचं वाक्य म्हणजे माहिती आहे. ते वॉर्ड राउंडला मोठ्याने सांगा.

आपल्यासाठी हे आणखी महत्त्वाचं. कावीळ किंवा निळसरपणा नुसत्या नजरेने ओळखण्याच्या पद्धती गोऱ्या कातडीवर बेतलेल्या आहेत आणि सावळ्या बाळांत त्या कमी पडतात, याकडे २०२३ साली एनएचएस रेस अँड हेल्थ ऑब्झर्वेटरीच्या अहवालाने लक्ष वेधलं. शंका आली तर रक्ताची तपासणी मागायला संकोच करू नका.

निळा दिवा आणि आजीचं कोवळं ऊन

कावीळ म्हटलं की आजी सांगणार, “कोवळं ऊन दाखवा.” निळ्या दिव्याचा शोध अशाच उन्हातून, इंग्लंडमध्येच लागला. १९५६ साली एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अकाली बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग फिकं झालं होतं, पण चादरीखाली झाकलेला तुकडा पिवळाच राहिला होता. तो त्यांनी डॉक्टरांना दाखवला. पुढे तिथेच खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही घटलेलं आढळलं. १९५८ साली रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रकाशोपचाराचा निबंध छापला. निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि तो शरीराबाहेर टाकणं सोपं होतं. आजीचं निरीक्षण खोटं नव्हतं. पण अकाली बाळाला मोजून प्रकाश लागतो. लंडनचं ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही.

तुमचं काम पहिलं : दूध

सुरुवातीला बाळाला नळीतून एकेक मिलिलिटर दूध देतात. ते थेंब औषधासारखे मोजा. अकाली बाळांच्या आतड्याला होणारा एक गंभीर आजार आईच्या दुधावरच्या बाळांत कमी आढळतो. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरुवात करून दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा दूध काढायचं, त्यात एकदा तरी रात्री. हे दमवणारं आहे. बाबांनी बाटल्या धुणं, चिठ्ठ्या लावणं, डिंकाचे लाडू शोधून आणणं ही कामं घ्यावीत.

दूध पुरलं नाही तर तो तुमचा पराभव नाही. लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयाची दुग्धपेढी १९३९पासूनची आहे. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आपल्या मुंबईत, सायन रुग्णालयात सुरू केली. दान केलेलं दूध ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून सुरक्षित केलं जातं.

तुमचं काम दुसरं : छाती

१९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटामध्ये इन्क्युबेटर कमी पडत होते, म्हणून डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधली. तीच कांगारू पद्धत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. ब्रिटनमधली परिस्थिती वेगळी आहे, तो आकडा इथे तसाच लागू होणार नाही. पण स्पर्श हा लाड नसून उपचार आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. बाबांची छातीही चालते.

जुळ्यांचा खरा पेच इथेच. एकाला घेतलं की दुसरा काचेत. मी वहीत मिनिटं लिहून ठेवायचे, अन्याय नको म्हणून. नर्सने वही बंद केली. बाळं स्थिर झाल्यावर दोघांना एकत्रही छातीवर घेता येतं. तोवर एकजण आईकडे, एकजण बाबांकडे.

थोडं व्यवहाराचं

ब्रिटनमध्ये नवजात विभागांचे तीन स्तर आहेत. बाळ सुधारलं की घराजवळच्या विभागात हलवतात. जुळ्यांना एकत्र ठेवण्याचा आग्रह आधीच धरा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२५पासून नोकरदार पालकांना वेगळी नवजात शुश्रूषा रजा मिळते : जन्मापासून २८ दिवसांच्या आत दाखल होऊन बाळ सलग सात दिवस किंवा जास्त राहिलं, तर राहिलेल्या प्रत्येक आठवड्यामागे एक, जास्तीत जास्त बारा आठवडे. ही रजा मातृत्व-पितृत्व रजेशिवायची आहे. ब्लिस आणि ट्विन्स ट्रस्ट या संस्थांकडून मदत घ्या.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण बसणं, रांगणं, बोलणं दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजायचं. व्हिडिओ कॉलवर “अजून पालथी पडत नाही?” असं कोणी विचारलं, तर हे गणित शांतपणे सांगा.

आमचं बारसं बाराव्या दिवशी झालं, पाळण्याविना. इन्क्युबेटरच्या झरोक्यातून हात आत घालून दोघींच्या कानात नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी नर्सने चिठ्ठ्या बदलल्या होत्या. ‘ट्विन वन’, ‘ट्विन टू’ गेले होते, आणि इंग्रजी अक्षरांत, थोडी चुकलेली, पण नावं होती.