कॅरेटमधून बाटलीत: घरचा प्रक्रिया उद्योग सुरू करण्याआधी



नारायणगावला टोमॅटोचा भाव पडला की आपल्यातले बरेच जण विचारतात, "घरीच केचप नाहीतर पावडर करून विकली तर?" ओतूरकडचे कोणी कांदा वाळवायचं म्हणतात, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले कोणी हिरड्याची पावडर करायचं म्हणतात. विचार चांगला आहे. पण मशीनची ऑर्डर देण्याआधी आणि लेबल छापण्याआधी आजचा धडा सावकाश वाचा.

*मूळ गोष्ट एकच*
टोमॅटो कॅरेटमध्ये आहे तोवर तुम्ही कायद्याच्या नजरेत शेतकरी. तोच टोमॅटो बाटलीत गेला की तुम्ही व्यावसायिक. माल स्वतःच्या रानातला असला, काम घरच्या ओट्यावर केलं, तरीसुद्धा. पुढचे सगळे मुद्दे यातूनच निघतात.

*१) फूड लायसन*
अन्न सुरक्षा कायदा २००६ मध्ये शेतकऱ्याच्या हातातला, मूळ रूपातला शेतमाल धरलेला नाही. तो शिजवून, दळून, बाटलीत भरून विकायला काढला की कायदा लागू होतो. उलाढाल लहान असेल तर नोंदणी, मोठी असेल तर परवाना. दोन्हींचा अर्ज 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो.
⚠️ हा क्रमांक माल तयार होतो त्या जागेसाठी असतो. आपल्या कंपनीचा क्रमांक तुमच्या घरच्या युनिटला चालत नाही. तो तुमच्या बाटलीवर छापू नका. तक्रार झाली तर तुम्ही अडचणीत याल आणि कंपनीचा, म्हणजे सगळ्या सभासदांचा परवानाही धोक्यात येईल.

*२) जीएसटी*
स्वतःच्या शेतात पिकवलेला माल तसाच विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. केचपला ही सवलत नाही. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर ही मर्यादा लागू नाही, आधी नोंदणी करावी लागते. बंगळूर किंवा सुरतच्या व्यापाऱ्याला माल द्यायचा असेल तर हे आधी बघा.

*३) इन्कम टॅक्स*
"शेतकऱ्याला टॅक्स नाही" हे अर्धंच खरं. घरचा टोमॅटो केचपला वापरला तर त्या टोमॅटोच्या बाजारभावाइतकी रक्कम शेती उत्पन्न धरतात, त्यावरचा नफा व्यवसायाचा. म्हणून ज्या दिवशी माल प्रक्रियेला घेतला त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव वहीत लिहा, पट्टी जपून ठेवा. हिशेबाच्या वेळी सीएला तेच लागतं.

*४) लेबल*
पाकिटावर किंवा बाटलीवर हे हवंच: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, बॅच नंबर, शाकाहारी चिन्ह, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, १४ अंकी क्रमांक.
हिरडावाल्यांनी खास लक्ष द्या. "बद्धकोष्ठता बरी होते" असं छापलं की पावडर अन्न राहत नाही, औषध ठरते. मग औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली आयुर्वेदिक उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो. एका ओळीपायी सगळी छपाई वाया जाते.

*५) भागीदारी*
समजा दोघा भावांनी किंवा मित्रांनी तोंडी ठरवून युनिट टाकलं. एकाने धंद्यासाठी कर्ज काढलं आणि ते थकलं, तर सावकार किंवा बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. खासगी मालमत्ताही त्यात येते. भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याप्रमाणे फर्म नोंदवलेली नसेल तर उधारी बुडवणाऱ्या व्यापाऱ्यावर फर्मच्या नावाने दावाही लावता येत नाही. नातं टिकवायचं असेल तर कागद करा: भांडवल कोणाचं किती, नफा कसा वाटायचा, सही कोणाची, एकजण बाहेर पडला तर काय.

*६) शेड*
शेतात प्रक्रियेचं शेड म्हणजे जमिनीचा वापर बदलणं. बिगरशेतीचे नियम लागतात का, हे तलाठी, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात बांधकामाआधी विचारा. जमीन सामाईक असेल तर बाकी खातेदारांची लेखी संमती घ्या.

*क्रम असा ठेवा*
✅ धंदा कोणाच्या नावावर ते ठरवा
✅ जागेचे कागद बघा
✅ उद्यम नोंदणी करा (सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा)
✅ फूड लायसन काढा
✅ मग मशीन, आणि सगळ्यात शेवटी लेबल

सुरुवात लहान करा, पण कागद पूर्ण करा. बँकेत कर्जाला किंवा कृषी कार्यालयात अनुदानाला गेलात तरी हेच कागद मागतात.

लेबल छापायला देण्याआधी त्याचा नमुना कंपनीच्या ऑफिसला दाखवा. आधार, पॅन, सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत आणा. हा मेसेज घरातल्या महिलांना नक्की वाचायला द्या. युनिट बऱ्याचदा त्याच चालवतात, मग नोंदणी त्यांच्या नावावर का नको?