फुंकर आणि पत्रे

वहीच्या कागदाची ४ सेंटीमीटर रुंद व २० सेंटीमीटर लांब पट्टी कापा. तिचे एक टोक खालच्या ओठाखाली धरा. दुसरे टोक खाली झुकेल. आता पट्टीच्या वरून जोरात फुंकर मारायची आहे. पण थांबा! आधी अंदाज लिहा. पट्टी खाली जाईल की वर येईल?

माझ्या वर्गातील बहुतेक मुले 'खाली' असे लिहितात. पट्टी मात्र वर उचलली जाते.

समुद्रसपाटीला हवा प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. हा दाब वरून असतो, तसाच खालूनही असतो. फुंकरीची हवा वाकलेल्या पट्टीवरून वळत वेगाने जाते, तेव्हा वरचा दाब थोडा घटतो. मग खालची हवा पट्टीला वर ढकलते.

'वेग वाढला की दाब घटतो' एवढेच पाठ करू नका. तीच पट्टी सरळ टांगा आणि एका बाजूने तिला समांतर फुंका. ती फारशी हलत नाही. हवेचे वळणेही महत्त्वाचे आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. अनेक घरांचे पत्रे उडाले. वारा छपराच्या कडेवरून वळून जातो, तेव्हा पत्र्यावरचा दाब कमी होतो. त्यातच वाऱ्याकडची खिडकी उघडी असेल, तर आत शिरलेली हवा पत्रा खालून उचलते. म्हणून वादळात दारे-खिडक्या घट्ट लावतात. घरी कोणाला हे पटले नाही, तर पट्टी फुंकून दाखवा. माझ्या अम्मीला तसेच पटले.