वाइतानवरचे ससून : शांघायची एक अभ्यासभेट

मुंबईचे शांघाय करण्याची भाषा महाराष्ट्रात २००४ च्या सुमारास फार जोरात होती. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण पुढे घरात, वर्तमानपत्रांत आणि वक्तृत्व स्पर्धांत ते वाक्य इतक्या वेळा कानावर पडले, की शांघाय म्हणजे उंच इमारती आणि रुंद रस्ते हे चित्र मनात पक्के बसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, ते शहर प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. माझे मामा तेथे एका कंपनीत अभियंता आहेत. परदेशप्रवासाची माझी ही पहिलीच वेळ. निघताना आमच्या इतिहासाच्या सरांनी एवढेच सांगितले, "जे पाहशील ते लिहून काढ आणि सनावळ्या तपासून लिही." त्यांच्या आज्ञेवरून हा लेख लिहीत आहे.

पहिले दोन दिवस

विमानतळावरून शहराकडे येणारी चुंबकशक्तीची गाडी रुळांना स्पर्श न करता धावते. तीस किलोमीटरचे अंतर तिने आठ मिनिटांत कापले. डब्यातील फलकावर ताशी ३०० किलोमीटर हा आकडा दिसला, तेव्हा मला पुणे-मुंबई प्रवासात घाटात रखडलेली आमची गाडी आठवली. शहरातील भुयारी रेल्वेची पहिली मार्गिका १९९३ मध्ये सुरू झाली; आज हे जाळे आठशे किलोमीटरांहून अधिक पसरलेले आहे. प्रत्येक स्थानकावर सामानाची तपासणी होते आणि भाडे तीन युआनपासून सुरू होते. २०२० च्या जनगणनेनुसार शांघायची लोकसंख्या दोन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर आहे. तरीही गर्दीत धक्काबुक्की फारशी अनुभवास आली नाही.

नवख्या माणसाची खरी परीक्षा भाषेपाशी होते. आपल्याकडील नेहमीची गूगल, व्हॉट्सॲप ही साधने तेथे चालत नाहीत. पैसे द्यायचे तेही बहुतेक ठिकाणी मोबाइलवरून, चिनी ॲपमधून; ते मामांनी आधीच जुळवून दिले होते. "मी शाकाहारी आहे" हे चिनी लिपीत लिहिलेला कागद मामींनी माझ्या पर्समध्ये ठेवला होता. तो मी दिवसातून चार वेळा दाखवीत असे. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'माइ' हा उच्चार एका सुरात केला तर 'विकत घेणे' आणि दुसऱ्या सुरात केला तर 'विकणे'. मी फळवाल्या आजींना हा शब्द चुकीच्या सुरात ऐकवला, तेव्हा त्या पोट धरून हसल्या. बहुधा मीच काही विकायला आले आहे असे त्यांना वाटले असावे.

नदीचे दोन काठ

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी मला ह्वांगपू नदीच्या पश्चिम काठावर नेले. समोरच्या पूर्व काठावरील भागास पुडोंग म्हणतात. १९९० मध्ये त्याच्या विकासाची घोषणा झाली. तोवर तेथे मुख्यतः शेते, गोदामे, गोद्या आणि कामगारांची घरे होती. आज तेथे १९९९ मध्ये पूर्ण झालेला जिन माओ मनोरा, २००८ मधील ४९२ मीटर उंचीची इमारत आणि २०१५ मध्ये पूर्ण झालेला ६३२ मीटरचा शांघाय टॉवर शेजारी शेजारी उभे आहेत. सर्वांचे कॅमेरे तिकडेच वळलेले होते. माझाही वळला.

आम्ही उभे होतो त्या पश्चिम काठास चिनी लोक 'वाइतान' म्हणतात. इंग्रजी नाव 'बंड'. हा शब्द मूळ इंग्रजीतला नाही. तो फारसी-हिंदुस्थानीतील 'बंद', म्हणजे बांध, यावरून आला आणि हिंदुस्थानातून आलेल्या इंग्रजांबरोबर चीनच्या बंदरांत पोहोचला. पुण्याच्या बंड गार्डनमधील 'बंड' तोच. हे कळले आणि ओळखीचे कोणी भेटल्याचा आनंद झाला. पण खरा धक्का पुढेच होता. हिरव्या टोकदार छपराच्या एका भव्य इमारतीकडे बोट दाखवून मामा म्हणाले, "हे पीस हॉटेल. पूर्वीचे कॅथे हॉटेल. आणि ही इमारत म्हणजे ससून हाऊस."

"ससून? मामा, आपले ससून?"

"तेच घराणे. तुझा जन्म झाला ना त्या रुग्णालयात? त्यांचेच."

ससूनांची पेढी

परत आल्यावर मी ग्रंथालयात बसून हा धागा शोधला. त्याचा सारांश असा.

डेव्हिड ससून हे बगदादचे यहुदी व्यापारी. तेथील छळाला कंटाळून ते निघाले आणि १८३२ मध्ये मुंबईस आले. पुढे पहिल्या अफूच्या युद्धात (१८३९-४२) चीनचा पराभव झाला आणि १८४२ च्या नानजिंग तहाने शांघायसह पाच बंदरे परकीय व्यापारास उघडावी लागली. १८४४ मध्ये डेव्हिड यांनी आपला दुसरा मुलगा एलियास यास चीनला धाडले. कापूस, सूत आणि अफू यांचा व्यापार वाढत गेला. १८७० च्या सुमारास भारत-चीन अफूच्या व्यापारात ससून पेढी अग्रभागी होती.

ही अफू कोठून येत होती? एक भाग बिहार व बनारसकडचा. त्यावर कंपनीचा मक्ता होता. दुसरा भाग माळव्याचा. माळव्यातील अफू शिंदे, होळकर आदी संस्थानांच्या मुलखांत पिकत असे आणि पुढे मुख्यतः मुंबई बंदरातून बाहेर जात असे. कंपनी तिच्यावर परवान्याची फी घेई. संस्थानांना महसूल, सरकारला फी आणि व्यापाऱ्यांना नफा मिळे. ज्या जमशेटजी जीजीभाईंच्या नावाने मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा आहे, त्यांच्या संपत्तीतही चीनशी केलेल्या कापूस-अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. पुण्याच्या नदीवरील तो बंधारा त्यांच्याच देणगीतून झाला. भारतातून चीनला होणारी अफूची निर्यात अखेर १९१३ मध्ये थांबली.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. वाइतानवरचे ससून हाऊस १९२९ मध्ये एलियास यांचे नातू व्हिक्टर ससून यांनी पुरे केले. तोवर अफूचा तो व्यापार बंद झालेला होता. व्हिक्टर यांचा पैसा मुंबईतील कापडगिरण्या आणि शांघायमधील जमिनी यांत होता. म्हणून 'ही इमारत अफूची' असे सरसकट म्हणता येणार नाही. पण घराण्याचे भांडवल ज्यावर वाढले त्यात अफूचा वाटा मोठा होता, हे नाकारताही येत नाही.

एक प्रश्न

शेवटच्या रविवारी मामांच्या कार्यालयातील एक बाई आम्हांला जुन्या गल्ल्या दाखवायला आल्या. दगडी चौकटीच्या दारांची ही घरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बांधली गेली. दोन्ही बाजूंना खेटून घरे, मध्ये बोळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि दारात भाजी निवडत बसलेल्या बायका. मला तर गिरगावातच आल्यासारखे वाटले. अशा कित्येक गल्ल्या नव्या बांधकामांसाठी पाडल्या गेल्या आहेत. बाईंचे बालपण अशाच एका गल्लीत गेले; तेथे आता दुकानांची मोठी इमारत आहे. "घर गेले, पण आईला स्वतंत्र स्नानगृह मिळाले," असे त्या म्हणाल्या. त्या दुःखाने म्हणाल्या की समाधानाने, हे मला कळले नाही.

उत्साहाच्या भरात मी त्यांना सांगितले, की माझा जन्म ससून रुग्णालयातला. त्या थांबल्या. म्हणाल्या, "आमचा आधुनिक इतिहास शाळेत अफूच्या युद्धापासूनच सुरू होतो. ती अफू कुठून यायची, हे तुम्ही शाळेत शिकता का?"

मला उत्तर देता आले नाही. अफूचे युद्ध मी पाच गुणांच्या टिपेपुरते वाचले होते. माळवा मराठ्यांच्या इतिहासात वाचला होता. ससून माझ्या जन्मदाखल्यावर होते. पण तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात ओवलेल्या असतील, असे कधी मनातही आले नव्हते.

पुण्यास परतल्यावर एका सकाळी मी ससून रुग्णालयात गेले. ते १८६७ मध्ये ससूनांच्या देणगीतून उभे राहिले. बाह्यरुग्ण विभागासमोर खेड्यापाड्यांतून आलेली माणसे रांगेत बसली होती. त्या उपकाराबद्दलची माझी कृतज्ञता कमी झाली नाही, व्हायचे कारणही नाही. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले. त्यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे. तेथेही जाऊन आले. शांघायच्या काठावर ते नाव वाचल्यापासून पुण्यातले हे नाव मला पूर्वीसारखे वाचता येत नाही, एवढे मात्र खरे.

मुंबईचे शांघाय करण्याची भाषा करताना, शांघायच्या काठावर मुंबईचा पैसा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच जाऊन उभा राहिला होता, हे आपण लक्षात घेत नाही. कोणत्या शहरासारखे व्हायचे हे ठरविण्यापूर्वी त्या शहराशी आपले जुने व्यवहार काय होते ते तपासलेले बरे, असे मला वाटते.

त्या बाईंना मी वरील सर्व माहिती ई-पत्राने कळविली आणि सोबत माळवा, मुंबई, शांघाय असा एक हाताने काढलेला नकाशा जोडला. आठ दिवसांनी त्यांचे उत्तर आले. आभार मानून त्यांनी एवढेच विचारले होते : व्यापाऱ्यांची नावे कळली, पण माळव्यात अफू पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काय पडत होते?

सरांना विचारले. त्यांनी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. तूर्त मी तेथेच बसते. ज्या मित्रमैत्रिणींना मोडी वाचता येते, त्यांनी अवश्य यावे.