कुलूप मजबूत, पण कोयंडा?



कामरेजमधील अनेक सोसायट्यांत जिन्याखाली पत्र्याच्या टपालपेट्यांची रांग दिसते. घराच्या दाराला दोन-दोन कुलपे लावणारे आपण या पेटीला मात्र हाती येईल ते कुलूप लावतो. आत काय असते? बँकेचे चेकबुक, विम्याचे पत्र, आधारचे पत्र, गावाकडची लग्नपत्रिका. साध्या टपालाची पोच नसते. ते चोरीला गेले तरी "अजून आले नसेल" म्हणत आपण वाट पाहतो आणि तोवर आपले नाव, पत्ता, खातेक्रमांक परक्याच्या हाती गेलेला असतो.

पेटी तिच्या सर्वांत कमजोर जागेइतकीच मजबूत असते. म्हणून कुलपाबरोबर पुढील जागा तपासाव्यात.

१. कडी-कोयंडा : तो बाहेरून स्क्रूने बसवला असेल तर कुलूप न तोडता पेचकसाने निघतो. गोल डोक्याचे बोल्ट आरपार घालून नट आतल्या बाजूस घट्ट करावेत.

२. बिजागरी : खिळ बाहेर असेल तर ती ठोकून काढता येते. तिची दोन्ही टोके वेल्डिंगने बंद करावीत.

३. पत्र टाकण्याची फट : लांब लिफाफा जावा, पण हात जाऊ नये. फटीच्या आत खाली उतरता पत्रा लावला की पत्र खाली घसरते आणि वरून ओढता येत नाही.

४. पत्रा व भिंत : पातळ पत्रा पट्टीनेही वाकतो. नवी पेटी करताना १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा मागावा. पेटी भिंतीला आतून बोल्टने पक्की करावी.

५. चावी : स्वस्त कुलपांत एकाची चावी दुसऱ्याला लागू शकते. शेजाऱ्यांच्या परवानगीने करून पाहा!

आपल्याकडच्या पावसाळ्यात कुलूप गंजते. मग ते उघडेच राहते. पावसाळ्यापूर्वी तेल द्यावे.

रांगेतील दोन पेट्यांत मधला पत्रा बहुधा एकच असतो. शेजारची पेटी उघडी असेल तर तो वाकवून आपल्याही पेटीत हात घालता येतो. म्हणून एकट्याने भारी कुलूप लावून भागत नाही. सोसायटीने सगळी रांग एकदम दुरुस्त करावी, तिच्यावर दिवा लावावा. हीच तपासणी विश्वस्तांनी शाळेच्या टपालपेटीचीही करावी.

पालकांसाठी : पेटी रोज रिकामी करावी, रिकाम्या पेटीतून काही चोरीला जात नाही. दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाताना चावी विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. महत्त्वाची कागदपत्रे स्पीड पोस्टने मागवावीत, म्हणजे क्रमांकावरून त्यांचा माग काढता येतो. रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे.

पेटी फुटलेली दिसल्यास फोटो काढून पोलिसांत तक्रार द्यावी व टपाल कार्यालयास कळवावे. एटीएम कार्ड किंवा चेकबुक येणार असेल तर बँकेला लगेच सांगून ते बंद करावे. खात्यातून पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर विलंब न करता फोन करावा.

गृहपाठ : रविवारी आई-वडिलांसह आपली पेटी पाहा. वरील पाच मुद्द्यांपुढे 'ठीक' किंवा 'दुरुस्ती हवी' असे लिहा आणि तो कागद सोसायटीच्या सेक्रेटरींना नेऊन द्या.