ल्वारच्या काठाने

पाठाची ओळख

सायकल आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. भल्या पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून निघणारा गवळी, घरोघरी वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, पहिल्या पाळीसाठी कारखान्याकडे जाणारा कामगार यांची ती वर्षानुवर्षांची सोबतीण. मात्र कामासाठी नव्हे, तर केवळ आनंदासाठी आठवडाभर सायकलवरून गावोगाव हिंडावे, ही कल्पना आपल्यापैकी अनेकांना नवी वाटेल. फ्रान्समध्ये अशा सहलींची परंपरा जुनी आहे. प्रस्तुत पाठात ल्वार नदीच्या खोऱ्यातील मार्गदर्शकासह केल्या जाणाऱ्या सायकल सहलीचे वर्णन आले आहे. पाठ वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा : या सहलीतील प्रवासी जो निवांतपणा अनुभवतो, तो त्याला कशामुळे मिळाला?

मूळ पाठ

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. तिची लांबी सुमारे १,००० किलोमीटर आहे. आर्देश भागातील डोंगरात ती उगम पावते, बराच काळ उत्तरेकडे वाहते, ऑर्लेआँ शहरापाशी पश्चिमेकडे वळते आणि नाँत शहर ओलांडून अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या खोऱ्याचा मधला भाग युनेस्कोने २००० साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केला. याच नदीच्या सोबतीने सुमारे ९०० किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग आखलेला आहे. त्याचे फ्रेंच नाव ‘ला ल्वार आ व्हेलो’, म्हणजेच ‘सायकलवरून ल्वार’. अटलांटिकपासून थेट काळ्या समुद्रापर्यंत, अनेक देशांमधून जाणाऱ्या एका महामार्गाचा तो भाग आहे. फरक इतकाच की हा महामार्ग सायकलींचा आहे.

संपूर्ण मार्ग एका दमात पार करणारे थोडे. मार्गदर्शकासह निघणारी सहल साधारणपणे सहा-सात दिवसांची असते आणि त्यासाठी नदीचा एखादा तुकडा निवडला जातो. ब्ल्वा ते सोम्युर हा त्यांपैकी विशेष लोकप्रिय. दहा-बारा जणांचा गट असतो. त्यात निवृत्त शिक्षक असतात, तरुण जोडपी असतात, शाळकरी मुलांना घेऊन आलेले पालकही असतात. शर्यतीत भाग घेणारा सहसा कोणी नसतो. दिवसाला तीस ते पन्नास किलोमीटर एवढीच मजल असते आणि ज्यांच्या पायांत तेवढेही बळ नाही त्यांना विजेवर चालणारी सायकल मिळते. या सायकलची मोटर पायडल मारणाऱ्याला हातभार लावते. वेग ताशी २५ किलोमीटरवर गेला की ती आपोआप थांबते.

पहिल्या संध्याकाळी मार्गदर्शक प्रत्येकाची सीट उंचीप्रमाणे खालीवर करून देतो. काम साधेच, पण सीट चुकीच्या उंचीवर असेल तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. मग रहदारीचे नियम सांगितले जातात. फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतातून गेलेल्या प्रवाशाला पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर हे स्वतःला बजावावे लागते. गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर राखले पाहिजे, असा तेथील नियम आहे. बारा वर्षांखालील मुलांना २०१७ पासून शिरस्त्राण सक्तीचे आहे. रात्री किंवा अंधुक प्रकाशात गावाबाहेर जायचे असेल, तर प्रकाश परावर्तित करणारे जाकीट घालावे लागते.

सकाळी सामानाच्या बॅगा एका गाडीत चढतात आणि ती गाडी पुढील मुक्कामी निघून जाते. सायकलवर राहतात ते पाण्याची बाटली, पावसाचा कोट आणि थोडा खाऊ. मार्गदर्शक कधी पुढे असतो, कधी सर्वांत मागे. मागे राहणे हेच त्याचे खरे कौशल्य म्हटले पाहिजे. जो दमला, ज्याची चेन उतरली, ज्याचे चाक पंक्चर झाले, त्याच्यापाशी तो थांबतो. ट्यूब बदलण्यास त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत, परंतु त्या वेळात तो त्या प्रवाशाला समोरच्या वाळूच्या बेटावर घरटी करणारे कुररी पक्षी दाखवतो आणि मग पंक्चर झाल्याचे दुःख उरत नाही.

वाट बहुतेक ठिकाणी सपाट आहे. ती कधी शेतांमधल्या आडरस्त्याने जाते, कधी नदीला अगदी खेटून, तर कधी उंच मातीच्या बांधावरून. हे बांध सायकलींसाठी बांधलेले नाहीत. ल्वार ही लहरी नदी आहे. उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळूचे पट्टेच पट्टे दिसतात आणि पाणी इतके उथळ होते की ती दुबळी वाटावी. पुराच्या वेळी मात्र ती आसपासची शेते गिळून टाकते. म्हणून बाराव्या शतकापासून काठच्या लोकांनी बांध घालण्यास आरंभ केला आणि पुढील शतकांत ते वाढवत, उंचावत नेले. तरीही १८४६, १८५६ आणि १८६६ या वर्षांच्या महापुरांत ते फुटले. पाणी कोठवर चढले होते याच्या खुणा जुन्या घरांच्या भिंतींवर आणि पुलांच्या खांबांवर कोरलेल्या आहेत. सायकलवरून उतरून अशा एखाद्या खुणेशेजारी उभे राहिले, की ती रेघ डोक्याच्याही वर दिसते.

नदीला खेटून जाणारी वाट आणखी वेगळ्या कामाची होती. एकेकाळी ल्वार हाच या प्रदेशाचा राजमार्ग होता. सपाट तळाच्या नावांमधून मीठ, दारू, धान्य, दगड यांची ने-आण होत असे. नाव खाली येताना प्रवाह तिला आणी आणि वर जाताना समुद्राकडून येणारा पश्चिमेचा वारा तिच्या शिडात भरे. वारा पडला की माणसे किंवा जनावरे काठावरून दोराने नाव ओढत. १८४६ साली आगगाडी तूर शहरापर्यंत पोहोचली आणि काही दशकांतच नावांचे दिवस संपले. वाटा ओस पडल्या. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९९० च्या दशकात, ल्वारकाठच्या दोन प्रांतांनी एकत्र येऊन या जुन्या वाटा, बांध आणि आडरस्ते जोडण्याचे काम हाती घेतले. नवीन रस्ता खोदण्यापेक्षा जे पडून होते ते जोडणे, हा त्यामागील विचार. या मार्गाचा सगळा शहाणपणा त्यातच आहे.

नावाड्यांचा तो वारा आजही वाहतो. नदी पश्चिमेकडे वाहते, म्हणून प्रवाहाच्या दिशेने गेलो तर उतार मिळेल, असा नवख्या प्रवाशाचा हिशेब असतो. उतार इतका सौम्य आहे की तो पायांना कळतही नाही; वारा मात्र समोरून येतो आणि चांगलाच कळतो. ज्या वाऱ्याने नावा वर चढवल्या, तोच सायकलस्वाराला खाली जाताना अडवतो. अशा वेळी मार्गदर्शक सर्वांना एकामागे एक चालण्यास सांगतो आणि स्वतः पुढे होऊन वारा अंगावर घेतो.

पाठगत प्रश्न
नदीकाठची वाट पूर्वी कोणत्या कामासाठी वापरली जाई? ती ओस का पडली? नवख्या प्रवाशाचा हिशेब कोठे चुकतो?

दुपारची वेळ गावांची. फ्रेंच खेड्यातील दुकाने साधारणतः बारा ते दोन बंद असतात आणि अनेक गावांत सोमवारी पावाची भट्टीही बंद असते. हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या दिवशी उपाशी राहतो. मार्गदर्शकाने सकाळीच लांबट पाव, चीज आणि फळे घेऊन ठेवलेली असतात. दुकानात शिरताच प्रथम ‘बाँझूर’ म्हणावयाचे, हा तेथील शिष्टाचार. हवे ते आधी मागून नमस्कार मागाहून करणे उद्धटपणाचे समजले जाते.

या प्रदेशातील राजवाडे जगप्रसिद्ध आहेत. शाँबोरचा राजवाडा राजा फ्राँस्वा पहिला याने १५१९ साली बांधावयास घेतला. त्यातील मधला जिना दुहेरी आहे. एक जण चढत असताना दुसरा उतरत असला तरी त्यांची गाठ पडत नाही. आँब्वाझ येथे लिओनार्दो द व्हिन्चीने आयुष्याची अखेरची वर्षे घालवली आणि तेथेच, त्याच १५१९ साली, त्याचे निधन झाले. व्हिलाँद्रीच्या वाड्यासमोर कोबी, बीट, गाजर अशा भाज्यांचे वाफे भौमितिक आकृत्यांत लावलेले आहेत. भाजीचा मळा इतका देखणा असू शकतो, हे तेथे पाहिल्यावर पटते. बसने येणारा प्रवासी हे सर्व पाहतोच. दोन वाड्यांच्या मधले जे असते, ते मात्र सायकलस्वाराच्याच वाट्याला येते.

ते म्हणजे दगड. ‘त्युफो’ नावाचा हा पांढरा, मऊ चुनखडीचा दगड करवतीनेही कापता येतो. राजांचे वाडे त्याचे आणि शेतकऱ्यांची घरेही त्याचीच. छपरावर निळसर काळी पाटी. दगड काढून काढून टेकड्यांच्या पोटात मैलोगणती पोकळ्या झाल्या. त्या पोकळ्यांतच अनेक गरीब कुटुंबांनी दार-खिडक्या बसवून घरे केली. सोम्युरच्या परिसरात काठाकाठाने जाताना कड्यातून वर आलेली धुराडी दिसतात. आत बारमाही गारवा असल्याने काही ठिकाणी अळंबीची लागवड होते, काही ठिकाणी द्राक्षाची दारू मुरत ठेवतात. राजाचा वाडा उभा राहिला तेव्हा त्याच्या मापाची पोकळी कोठेतरी निर्माण झाली आणि तिच्यात दुसऱ्या कोणीतरी संसार थाटला, ही गोष्ट मार्गदर्शक आवर्जून सांगतो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अशी सहल करण्यास सायकल हवी, वाट हवी आणि त्याहून अधिक काहीतरी हवे : रिकामा वेळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सायकलवरून फिरण्याची आवड सुखवस्तू वर्गातच होती. सँतेत्येन शहरातील पॉल द व्हिव्ही यांनी १८८७ साली सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि शर्यतीऐवजी भटकंतीचा पुरस्कार केला. चढावर सोपे जावे म्हणून अनेक गिअरांची सायकल असावी, असा त्यांचा आग्रह होता. गंमत अशी की ‘तूर द फ्राँस’ या विख्यात शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ साली. शर्यतपटूंच्या कितीतरी आधी भटक्यांनी ती आपलीशी केली होती.

कामगाराजवळ मात्र सायकल आली तरी सुटी नव्हती. काम नाही तर मजुरी नाही. १९३६ च्या मे-जून महिन्यांत फ्रान्सभर कारखान्यांत मोठे संप झाले. लेआँ ब्लुम यांचे सरकार नुकतेच सत्तेवर आले होते. त्या जूनमध्ये कायदा झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आठवड्याला ४० तास काम हा कायदाही त्याच वेळचा. क्रीडा आणि विरंगुळा या खात्याचे काम पाहणारे लेओ लाग्राँज यांनी कामगारांसाठी रेल्वेचे तिकीट ४० टक्के सवलतीने देवविले. ज्यांना तेही परवडत नव्हते ते सायकलवर निघाले. नवरा-बायको दोघांनी चालवायच्या जोडसायकली त्या उन्हाळ्याचे जणू चिन्हच ठरल्या. पन्नाशी गाठलेल्या कित्येकांनी त्या वर्षी प्रथमच समुद्र पाहिला. पुढे ही रजा १९५६ मध्ये तीन, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच आठवड्यांची झाली.

मार्गदर्शकासह जाणारी आजची सहल स्वस्त नसते. चांगले मुक्काम, सामानाची गाडी, जेवण या सर्वांचे मोल द्यावे लागते आणि ते सर्वांना परवडेल असे नाही. वाटेला मात्र तिकीट नाही. महागडी सहल करणाऱ्या गटाला त्याच बांधावर शाळेतून परतणारी मुले भेटतात, तंबू आणि शिधा मागे बांधून एकटाच निघालेला विद्यार्थी भेटतो, पुढच्या टोपलीत पाव घेऊन घरी चाललेली आजी भेटते. ती कोणालाही वाट देत नाही. तिच्या मते वाट तिची आहे.

काँद-सँ-मार्तँ या गावी व्हिएन नदी ल्वारला येऊन मिळते. दोन रंगांची पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. तेथून सोम्युर फार दूर नाही. सोम्युरला सायकली गाडीवर चढतात, सीटा पुन्हा खाली केल्या जातात आणि मार्गदर्शक पुढच्या गटासाठी ब्ल्वाला परततो. वाट तशीच पुढे जाते. समुद्र तेथून अद्याप दोनशेहून अधिक किलोमीटर असतो.

शब्दार्थ
मजल – एका दिवसात केलेला प्रवास. शिरस्त्राण – डोक्याच्या रक्षणासाठी घालावयाची टोपी, हेल्मेट. कुररी – नदीकाठी, वाळूवर घरटे करणारा पक्षी. आडरस्ता – मुख्य नसलेला, कमी वर्दळीचा रस्ता. मुरणे – काही काळ ठेवल्याने चव येणे. पाटी – येथे अर्थ : छपरासाठी वापरला जाणारा पातळ काळा दगड.

स्वाध्याय
१. ‘मागे राहणे हेच त्याचे खरे कौशल्य’ असे मार्गदर्शकाविषयी का म्हटले आहे?
२. राजवाडा आणि कड्यातील घर यांचा परस्परसंबंध तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. १९३६ च्या कायद्याने फ्रेंच कामगाराच्या जीवनात कोणता बदल घडवला?
४. ‘गुडघे बोलू लागतात’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगा. शरीराच्या अवयवांवरून तयार झालेले आणखी तीन वाक्प्रचार लिहून वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या परिसरात वापरात नसलेली एखादी जुनी वाट, कालवा किंवा रेल्वेमार्ग आहे काय? वडीलधाऱ्यांकडून त्याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.