इंटरनेट गेले, तर आधी दोष शोधा
(ऊस विकास विभागाकडून)



मागे आम्ही लालबागला पाहुण्यांच्या चाळीत उतरलो होतो. पोराच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि संगणकावरचे इंटरनेट गेलेले! घाईत त्याने राऊटरचे रीसेट दाबले. सगळी मांडणी पुसली गेली. फॉर्म शेवटी शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून भरला.

ठिबकला पाणी आले नाही तर आपण आधी मोटार, मग मेन लाइन, मग नळी पाहतो. इथेही तसेच करावे.

१) वायर व वायफाय दोन्ही बंद : दोष राऊटरात किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनीत. १९९५ साली इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचे. आता बहुधा काचेच्या तंतूतून, प्रकाशाने येते. डबीवर 'एलओएस'चा लाल दिवा असेल तर प्रकाशच पोचत नाही, कंपनीला कळवावे. लाल दिवा नसेल तर डबी व राऊटर बंद करून, अर्ध्या मिनिटाने आधी डबी, मग राऊटर चालू करावा.

२) फक्त वायफाय बंद : संगणकाचे वायफाय चालू आहे का पाहावे. गिरगावातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झ कमी पोचते, २.४ निवडावे.

३) फक्त वायर बंद : दोन्ही टोके 'टक्' वाजेपर्यंत बसवावीत. तरी नाही झाले तर राऊटरच्या दुसऱ्या खाचेत लावावी, मग वायर बदलून पाहावी.

संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे.

रीसेट मात्र सर्वांत शेवटी. मुंबईच्या पोराबाळांनाही एवढे सांगून ठेवा.